तावाची मागली बाजू

तोक्योच्या नेरिमा भागात दीड खोलीत राहणारी कामिया नोबुए गेलं वर्षभर टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतल्या एकाच पोराला रंगवत होती. गोष्ट फ्रान्समधली, जुन्या पुस्तकातली. अनाथ पोर आईला शोधत गावोगाव हिंडतं आणि दर रविवारी संध्याकाळी अख्खा जपान टीव्हीपुढे डोळे पुसतो. चित्रकाराच्या रेघा सेल्युलॉइडच्या तावावर पुढून असत. नोबुएनं पांढरे हातमोजे चढवून मागून रंग भरायचा. त्यामुळे पोराचं तोंड तिला कायम उलट्या बाजूनं दिसे. त्याची तिला खंत नव्हती. स्वतःचं पोर तर तेवढंही दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी काडीमोड झाला. रीतीप्रमाणे चार वर्षांचा मासाकी कावागोएला बापाच्या घरी राहिला, आणि पुन्हा इकडे तोंड दाखवायचं नाही, असं सासूनं बजावलं. कचेरीतल्या कारकुनानं तेव्हा विचारलं होतं, "नवऱ्याचं आडनाव ठेवायचंय का? नवा कायदा आलाय." नोबुए रागानं धुमसत होती. "त्या घरातलं मला काही नको," म्हणाली. माहेरचं कामिया परत लागलं.

रंगवलेले ताव पोचवायला ती स्टुडिओत जाई. तिथे भिंतीवर मुलांची पत्रं टाचलेली असत. एका कार्डावर तिला ओळखीचा पत्ता दिसला. खाली मोठाल्या अक्षरांत नाव, इनागाकी मासाकी. 'त्याला आई लवकर सापडू दे. माझी वारली, असं आजी म्हणते.'

जिवंतपणी मारून टाकलं होतं म्हातारीनं! नोबुए तशीच सावादासाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. कामं वाटणारे तेच.

"शेवटच्या भागात माझं नाव दाखवा. इनागाकी नोबुए."

"अहो नोबुएबाई, घरी बसून रंगवणाऱ्यांची नावं कधी टाकतो का आपण? उद्या साठ जणी भांडायला येतील."

"इतक्या वर्षांत मी काही मागितलंय?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "बरं, टाकू. पण आमच्या नोंदीत आहे तेच नाव. हे इनागाकी कोण?"

"कोणी नाही."

'इनागाकी' हे आडनाव मासाकीला लिहिता येत होतं, म्हणजे वाचताही आलं असतं. कामिया त्याला कुठून कळणार? पण नोबुए तर कळेल, आईचं नाव कुणी विसरतं का, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

शेवटच्या रविवारी त्या पोराला आई भेटली. नावं वर सरकू लागली. कामिया नोबुए दोन सेकंद दिसलं. तेवढ्यात तिनं टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं, जणू पलीकडे कावागोएला कुणी पाहत होतं.

दहा दिवसांनी भिंतीवर दुसरं कार्ड होतं. 'त्याला आई सापडली. मला खूप आवडलं. शेवटच्या नावांची अवघड अक्षरं मला नीट वाचता येत नाहीत, आजी वाचून दाखवते. या वेळी ती मध्येच थांबली आणि टीव्ही बंद केला. चष्म्यावर धूळ आहे म्हणाली. राहिलेली नावं कोणाची होती?'

कार्डावर पत्ता होता. त्या पत्त्यावरचं सगळं टपाल आजीच फोडते, हे नोबुएला ठाऊक होतं. पाच वर्षं ती त्या घराची सून होती.