माजघरातला पाहुणा

ताडकळसला सुमनबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात वजनकाटा होता, पण तो औषधांची खोकी ठेवायच्या कामी यायचा. पुरुष पेशंट समोर बसला की बाई पहिला प्रश्न विचारायच्या, "करदोडा कधी बदलला?" नवखा माणूस लाजून कंबरेचा दोरा चाचपायचा. दोरा जुना झाला म्हणून बदलला असेल तर ठीक. आवळायला लागला म्हणून बदलला, असं कुणी म्हटलं की बाईंच्या भुवया चढल्याच.

बाई स्वतः चांगल्या थोराड, दंड आणि मांड्या भरलेल्या. बाजारच्या दिवशी एका आगाऊ माणसानं भर गर्दीत म्हटलं, "बाई, आदी सोताकडं बघा की!" बाईंना मुळीच राग आला नाही. "माझी चरबी ओट्यावर बसलेली हाय, पाव्हण्यावानी. तुझी माजघरात शिरलीय. ओट्यावरचा पाव्हणा नुस्ता दिसतो. माजघरातला घर खातो." पुढं हे वाक्य गावात पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली.

त्या माजघरातल्या पाहुण्यानं आमच्या घरी मात्र रडवलं. माझे थोरले भाऊ अण्णा भिक्षुकी करतात. हातपाय काडीसारखे आणि पोट माणसाच्या आधी उंबरा ओलांडणारं. पंगतीत कुणीतरी हमखास ओरडायचं, "गुरुजींना वाढा रे, अजून जागा हाय!" सगळे हसायचे. अण्णाही हसायचे, पण पुढं ते भिंतीकडं तोंड करून जेवायला लागले. मग पंगत सोडली, मग एक वेळचं जेवणच सोडलं. आठवड्यात उपासाचे वार जास्त आणि जेवणाचे कमी झाले. पोट हलेना. करदोडा रुतला की ते गुपचूप नवा, सैल बांधायचे आणि वरून उपरणं ओढून घ्यायचे. मधुमेहाच्या गोळ्या आधीच चालू होत्या, त्या उपाशीपोटीच घ्यायचे. शेवटी एका यजमानाच्या घरी सत्यनारायणाची कथा सांगता सांगता ते चौरंगावरच कोसळले.

उचलून दवाखान्यात नेलं. साखर पार उतरली होती; बाईंनी शिरेतून ग्लुकोज देऊन त्यांना शुद्धीवर आणलं. अण्णा लहान मुलासारखे रडले. "बाई, एकभुक्त करायलोय, तरी लोक म्हणतात भटजी फुकटचं चापायलाय. आता ही भिक्षुकीच सोडतो." ज्यांच्या खणखणीत आवाजाशिवाय गावातलं एक लग्न लागलं नव्हतं, ते माझे अण्णा पोटाच्या लाजेनं पोथी बांधून ठेवायला निघाले होते.

बाईंनी स्टूल जवळ ओढलं. "गुरुजी, आतड्यालाबी नसा असतात, लय बारीक जाळं. पोटात काय आलं ह्याची खबर त्या मेंदूला देतात. चरबी कातडीखाली ठेवायची का आत आतड्याभवती, ह्यातबी त्यांचा हात असावा, असं आता शास्त्रज्ञ म्हनायलेत. समदं अजून कळलेलं न्हाई. पण चरबीनं कुठं बसावं हे तुमाला इचारून ठरत न्हाई, एवढं पक्कं. पाव्हणा कोणत्या खोलीत शिरला ह्याची शरम तुमी कशाला बाळगता? शरम सोडा. त्याला भायेर काढायची फिकीर करू."

मग त्यांनी माझ्याकडून समोरच्या दुकानातून काळा करदोडा मागवला आणि अण्णांना बांधायला लावला. "हा सैल करायचा न्हाई. दोन्ही वेळ जेवायचं. गोळ्या मी बदलून देते. यजमानाकडं मोटरसायकलच्या मागं बसून न्हाई, पायी जायचं. आन् पंगतीत लोकांकडं तोंड करून बसायचं. हेबी औषधच हाय."

अण्णांनी बाकीची औषधं मुकाट्यानं घेतली. हे शेवटचं घ्यायला त्यांना फार जड गेलं.

पुढं बाई थकल्या, दवाखाना बंद करून परभणीला लेकीकडं जायचं ठरलं. निघण्याआधी त्यांनी दवाखान्यातच सत्यनारायण घातला. पूजा सांगायला अण्णाच हवेत, हा त्यांचा हट्ट. अण्णांनी सगळे अध्याय एका दमात सांगितले आणि पंगतीत बरोबर मधोमध, लोकांकडं तोंड करून बसले. बाई स्वतः वाढत होत्या. तेवढ्यात सवयीप्रमाणं कुणीतरी ओरडलंच, "गुरुजी, जागा हाय का?"

मी घास हातात धरून थांबलो. अण्णांनी मान वर केली. "हाय की! माजघर रिकामं करायलोय. पाव्हणा ओट्यापत्तोर आलाय."

बाईंना हसू आवरेना. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "करदोडा?"

अण्णांनी डाव्या हातानं उपरणं बाजूला केलं. तोच दोरा, विटून तपकिरी झालेला, कंबरेवर सैल लोंबत होता. बाईंनी परातीतला एक लाडू मोडला. अर्धा अण्णांच्या पानात ठेवला आणि उरलेला अर्धा उभ्या उभ्या आपल्या तोंडात टाकला. अण्णांनी आपला अर्धा लाडू सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश खाल्ला.