ओढणीवरचं पाखरू

जेसल पार्कात आमच्या शेजारी राहणारी ती मुलगी प्रयोगशाळेत वांग्यावरच्या किडीचा अभ्यास करते. बोलताना मध्येच थांबते, नेमका शब्द सापडेपर्यंत. मला तिची वाट बघायला आवडतं.

एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली, तर ओढणीवर पतंगासारखं एक पाखरू फडफडत होतं. मी झटकायला हात उचलला.

“नको काकू. आमच्या वांग्याच्या किडीचाच नर आहे. ओढणीला लॅबमधला मादीचा वास लागलाय. त्याचा कण याच्या मिशीवरच्या केसात शिरला, की तिथल्या पेशीची... दारं उघडतात. क्षारांचे कण आत घुसतात, वीज उठते. ती मेंदूत पोचली की हा वासाच्या दिशेने निघतो.”

“मग बसू दे की.”

“पण मादी इथे नाहीये ना. शोधत राहील बिचारा.”

त्याला हळूच उडवून तिने ओढणी लगेच साबणात भिजवली. मग खिडकी उघडून, दिवा मालवून ती त्याच्या जाण्याची वाट बघत बसली. मीही बसले.