परसदारी लावलेलं निशाण

पनवेलच्या नोकरीतली ती घटना अजून मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. नावं मी कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. दुपारी सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. एक मासळीवाली बाई डोळा फुटून दाखल झाली होती. पाटीची तार लागली असं ती सांगत होती, पण एक्स-रेत डोळ्यात शिशाचा छर्रा दिसत होता. महिला शिपायाला घेऊन मी लगेच जबाब घ्यायला गेलो.

"मावशी, कुणी मारलं?"

"कोनी नाय, सायेब. मावऱ्याच्या पाटीची तार लागली."

"घरात भांडण? शेजारीपाजारी?"

"सांगितला ना एकदा. तारच लिवा."

खोटं बोलणारा माणूस सहसा न विचारलेलंही सांगत सुटतो. ही बाई त्या एका वाक्यापलीकडे जाईना. मी चिडलो होतो, शिवाय भूकही लागली होती. डब्यात नुसती साबुदाण्याची खिचडी होती. बायकोचा मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे मलाही सक्तीचा उपास. तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मावशी, आज मार्गशीर्षातला गुरुवार. कोळीवाड्यातल्या तुम्ही बायका आज मासळीला हात लावत नाही. मग पाटी कुठून आली?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुमी लय हुशार," एवढंच म्हणाली.

कोळीवाड्यात विचारलं तेव्हा शेजारणींनी सांगितलं, सकाळी अंघोळ करून ती पूजेची पत्री घेऊन गेली होती. गावात तिचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. दर वर्षी तिथल्या लक्ष्मीच्या कलशाला आंबा-जांभळाचे डहाळे हीच पुरवायची. त्या घरी गेलो.

परसदारी बाजूच्या फाटकाशी डहाळे तसेच पडले होते. फाटकाला लागून भिंतीवर फळी, फळीवर काळ्या वर्तुळांचा कागद, आणि कागदाची चाळण झालेली. स्वयंपाकघराच्या दारात कॉलेजात जाणारी मुलगी बसली होती. हवाबंदूक शेजारी पडली होती. मला काही विचारावं लागलं नाही.

"माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "काकी गल्लीच्या तोंडापासून 'मावरा घ्या गो' ओरडत येते. आवाज आला की मी बंदूक खाली ठेवते. आज ती ओरडलीच नाही."

मासळीच नव्हती, तर ती काय ओरडणार?

तिची आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "साहेब, मीच त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. पण आत येऊच देईनात. म्हणाल्या, 'तू जा, पोलीस येतील. पोरीची स्पर्धा हाय.'"

मुलीची राज्य पातळीवरच्या नेमबाजीसाठी निवड झाली होती. हवाबंदुकीला परवाना लागत नाही म्हणून लोक तिला खेळणं समजतात आणि स्वयंपाकघरातून परसात नेम धरतात. मी निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला. बाई ठाण्यात येऊन माझ्यावर ओरडली, "चूक माजी हाय, मी गुपचूप शिरली! पोरीचा नाव काढा!" मी कलम समजावून सांगत राहिलो. ते समजून तिला काय करायचं होतं?

स्वतःला वाचवायला बोललेलं खोटं मी पुष्कळदा उघडं पाडलं आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं. दुसऱ्याला वाचवायला बोललेलं खोटंही उघडं पाडावंच लागतं, पण ते करताना हात जड होतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. आज पुन्हा तिथे असतो तर पुन्हा तेच केलं असतं, आणि पुन्हा इतकंच वाईट वाटलं असतं.

मुलीनं कोर्टात गुन्हा कबूल केला. दंडावर सुटली. बाहेर आल्यावर बाईनं तिला जवळ ओढलं आणि विचारलं, "स्पर्धा कवा हाय गो?"

"मी सोडलं, काकी. बंदूक देऊन टाकली."

डोळा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही ती बाई रडली नव्हती. आता कोर्टाच्या पायरीवर मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"माजा डोला त गेलाच," ती म्हणाली. "मंग मी खोटा बोलली ती कोनासाठी गो?"