माझ्या बापाचा सांगावा

"तो रावबा? तो बेवारस निघाला."

खिडकीपलीकडच्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं. माझ्या हातात कण्यांचं गाडगं होतं. बापाचे दात पडले होते, भाकर चावत नव्हती, म्हणून पहाटे उठून ज्वारीच्या कण्या शिजवल्या होत्या. वर फडकं बांधून, मोटारीत मांडीवर धरून नगरपर्यंत आणल्या होत्या. गाडगं अजून कोमट होतं.

"बेवारस म्हंजी? मी लेक हाय त्याची."

"वारला तो. सोमवारी. दोन दिवस ठेवला, कोणी आलं नाही. तुमच्या पाटलानं लिहून दिलं, वारस नाही म्हणून. देह डॉक्टरी कॉलेजात गेला."

एका दमात सांगून टाकलं. बाप मेला हे मला असं कळलं.

"मंग माती कुठं दिली त्याला?"

"माती कसली? नवा कायदा झालाय. बेवारस मढी शिकायला देतात. चल, पुढं हो. मागं माणसं उभी आहेत." मग त्यानं वाकून गाडग्याकडं पाहिलं. "आणि ते फळीवर टेकवू नकोस. बाटेल."

मी गाडगं उचललं.

हीच गोष्ट मला अजून जाळते. बाप गेल्याचं ऐकलं आणि मी काय केलं, तर गाडगं उचललं. किंचाळले नाही. त्या माणसाला दोन शब्द सुनावले नाहीत. सांगितलं ते ऐकलं, कारण ऐकायचीच सवय होती.

मी एकुलती एक. आई माझ्या लहानपणीच गेली. भाऊ नाही. माझं माहेर प्रवरेच्या काठाला, मनमाडच्या सडकेवर, कोल्हारपासून जवळच. सासर तिथून चार कोस आत. कोल्हारच्या बाजारात माहेरची एक बाई भेटली, म्हणाली, "तुज्या बाचं पोट फुगलं हुतं, पाटलानं मोटारीत घालून नगरला धाडलं, आठ दीस झालं." दुसऱ्याच दिवशी मी निघाले. मला वाटलं, आजारी आहे. चार घास भरवू, दोन दिवस पाय चेपू. आणि इथं खिडकीवर हे.

आता माझा बाप काय करायचा ते सांगते, म्हणजे यातली खोच कळेल. आम्ही महार. गावात कोणीही मेलं की पैपाव्हण्यांना कळवायचं काम आमच्या घराचं. त्याला सांगावा म्हणतात. बामण मरो, वाणी मरो, पाटलाच्या घरातलं कोणी मरो, माझा बाप काठी घेऊन निघायचा. ऊन असो, चिखल असो. गावोगाव जाऊन दारापासून लांब उभं राहून हाक द्यायची. मेलं असं एकदम म्हणायचं नाही. "लई आजारी हायत, असाल तसं चला," एवढंच म्हणायचं. ऐकणारा समजून जायचा. घरात रडारड उठायची आणि बाप तिथंच उन्हात उभा. पाणीसुद्धा कोणी विचारायचं नाही, कारण त्या वेळी कुणाला सुचणार, आणि सुचलं तरी महाराला पाणी वरून ओतायला कोण उठणार? सांगावा पोचल्याशिवाय बाप पाण्याला तोंड लावायचा नाही. तो त्याचा नेम होता. कुणी घालून दिला नव्हता, त्याचा त्यानंच धरला होता.

पाटलाची आई गेली तेव्हा ज्येष्ठाचं ऊन होतं. बापानं एका दिवसात सहा गावं केली. संध्याकाळी आला तेव्हा टाचा फाटून रक्त आलं होतं. पाटलाच्या सगळ्या बहिणी वेळेवर पोचल्या, सगळ्यांना आईचं तोंड बघायला मिळालं. तेराव्याला पाटील चारचौघांत म्हणाला, "रावबा, तू हाईस म्हनून आमची मानसं आमाला भेटली." बापानं ते वाक्य जन्मभर जपलं. मला तर शंभर वेळा सांगितलं असेल. सांगताना डोळे भरून यायचे त्याचे.

खिडकीपासून मी बाजूला झाले आणि पडवीत भिंतीला टेकून बसले. तिथं मुडदेघर सांभाळणारा, रोग्यांची उचलठेव करणारा एक म्हातारा होता. हमीदचाचा. त्यानं माझं बोलणं ऐकलं होतं. जवळ येऊन बसला. त्यानं गाडगं हातात घेतलं, फडकं सोडलं, आणि म्हणाला, "त्यानं तुझं नाव लई घेतलं, बेटी."

मग त्यानं सगळं सांगितलं. भरती करताना विचारतात, जवळचं कोण? बाप म्हणाला, "आमच्या पाटलास्नी कळवा. त्ये समदं बघत्याल." माझं नाव सांगितलं, पण लिहायला पाटलाचं दिलं. चाचानं त्याला बजावलं होतं, "अरे, बेटीचं नाव, गाव लिहून दे." तर बाप हसला म्हणे. "पाटील काय मला सोडत्याल व्हय?"

बापावर मला तेव्हा राग आला. आजही आहे. मेलेल्या बापावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावते. ज्यानं अख्ख्या तालुक्याला मरणाच्या खबरी दिल्या, त्याला स्वतःच्या मरणाची खबर कोण नेईल एवढं सुचू नये? ज्याच्या दारात उभं राहण्याची त्याला चोरी, त्याचंच नाव त्यानं जवळचं म्हणून द्यावं? पोटची लेक सोडून?

बाप गेल्यावर मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती पाटलाकडं चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीनं उत्तर आलं. वारस नाही.

चाचा म्हणाला, "न्यायच्या आधी मी त्याला आंघोळ घातली. आमच्यात घालतात तशी. तेवढंच माझ्या हातात होतं."

मी विचारलं, "चाचा, त्यो कायदा काय हाय? लेकीला इच्यारायचं न्हाई असं हाय का त्यात?"

त्याला ठाऊक नव्हतं. तो मला एका तरुण डॉक्टरकडं घेऊन गेला. त्या डॉक्टरनं छापील कागद काढला आणि माझ्यासमोर वाचला. दवाखान्यात माणूस मेला आणि जवळच्या नातेवाइकानं ठरल्या मुदतीत देह मागितला नाही, तरच तो कॉलेजला द्यायचा. डॉक्टर व्हायचं तर माणसाचं शरीर आतून बघावं लागतं, असं त्यानं मला नीट समजावलं.

"जवळचं म्हंजी कोन?"

तो वाचत गेला. नवरा, बायको, आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण.

"थांबा. लेक हाय त्यात?"

"आहे."

"लगीन झालेली?"

"मुलगी म्हणजे मुलगी. लग्नाचं काही लिहिलेलं नाही." मग तो हळू म्हणाला, "देह मागायचा हक्क तुमचा होता."

तुमचा. मला जन्मात कोणी शिकलेल्या माणसानं 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. म्हटलं ते असल्या दिवशी. मी विचारलं, आता तोंड बघायला मिळेल का? तो खाली बघून म्हणाला, औषधं भरली असतील, कापायलाही घेतलं असेल, जाऊ नका. मी गेले नाही. कण्या चाचाला दिल्या. त्यानं माझ्यासमोर बसून सगळ्या खाल्ल्या.

परतीच्या मोटारीत एकच गोष्ट डोक्यात होती. सरकारच्या कागदावर मी होते. परक्या माणसांनी, मला कधी न पाहिलेल्यांनी, तिथं लेक लिहिली होती. आणि ज्या पाटलासमोर माझं लग्न लागलं, ज्याच्या गोठ्यात मी शेण काढून मोठी झाले, त्यानं मला खोडलं.

मी सासरी गेलेच नाही. थेट माहेरच्या गावात उतरले आणि पाटलाच्या दारात गेले. ओट्यावर पंधरावीस माणसं बसली होती. आतून रडण्याचा आवाज येत होता. पाटलाची थोरली चुलती त्याच पहाटे गेली होती. मी अंगणात खाली उभी राहिले. जोहार घातला नाही. ठरवून नाही, तोंडातून आलाच नाही.

"पाटील, माजा बा मेल्याचा कागद तुमाला आल्ता?"

"आल्ता की."

"मला का कळवलं न्हाई?"

पाटील लबाडी करत असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच नवल वाटलं. तो म्हणाला, "अगं, कळवायचं कुनाकडून? सांगावा न्यायाला तुजाच बाप हुता. त्योच न्हाई म्हनल्यावर मानूस कुठनं आनू?"

ओट्यावर कुणीतरी हसलं.

"चार कोस हाय माजं गाव. तुमचा घोडा हाय, ल्योक हाय."

"महाराचा सांगावा घिऊन माजा ल्योक जाईल?"

"मंग वारस न्हाई असं का लिवलं?"

"लेकीला कोन वारस म्हनतं? दिल्या घरची तू. आन् मातीत कुजून काय हुनार हुतं? डाकतरांच्या कामाला आला. पुन्य लागलं त्याला."

माझ्या अंगाची आग झाली. पुण्य द्यायचं होतं तर पाटलानं स्वतःची चुलती द्यायची. ती आत शालूत गुंडाळून ठेवली होती, आणि माझा बाप कुठल्यातरी टेबलावर उघडा. पण हे मी बोलले नाही. पाटीलच पुढं बोलला.

"बरं, झालं ते झालं. आलीच हाईस तर एक काम कर. तुज्या वाटंवरच काकींच्या लेकीचं गाव लागतं. तिला सांगावा दे. म्हनावं, दिस मावळंपातुर ये, तवर मयत हालवत न्हाई."

सांगितलं तेही कसं? हात हलवून, नेहमीसारखं. माझ्या बापाला सांगायचा तसं.

"पाटील, काकींची लेक बी दिल्या घरचीच की."

"मंग?"

"तिच्यासाठी मयत थांबवताय."

"मी न्हाई नेनार," मी म्हणाले.

"काय म्हनलीस?"

"सांगावा मी न्हाई नेनार. आमच्या घरातलं कोनीच न्हाई नेनार आता."

शिव्या आल्या. त्या सांगत नाही, ज्याला माहीत आहेत त्याला माहीत आहेत. एक जण काठी घेऊन ओट्यावरून खाली उतरला. मी हलले नाही. काकींची लेक माझ्याहून मोठी. लहानपणी तिनं मला एकदा तिची जुनी चोळी दिली होती. तिचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तिलाही आईचं तोंड बघायचं असणार. पण तिच्यासाठी मी वाकले असते, तर माझ्या लेकीलाही उद्या इथंच उभं राहावं लागलं असतं.

शेवटी पाटलाचा मुलगा उठला. त्यानं घोड्यावर खोगीर टाकलं आणि निघाला. माझ्या डोळ्यांसमोर धूळ उडवत गेला. म्हणजे जाता येत होतं. चार दिवसांपूर्वीही जाता येत होतं.

महारवाड्यात गेले. बापाच्या चिठ्ठीचं पाटलानं तिथंही कुणाला सांगितलं नव्हतं. माझा चुलत चुलता कपाळावर हात मारून बसला. "पोरी, काय करून बसलीस? गाव आता दाना देनार न्हाई. पानी तोडत्याल." तो खोटं बोलत नव्हता. सुगीला माहेरच्या वाड्याला खळ्यावर उभं केलं नाही. माझ्या नवऱ्यानंही पंधरा दिवस अबोला धरला. मग एक दिवस स्वतःच म्हणाला, "तुजं बराबर हुतं." मी त्याच्या म्हणण्याची वाट बघत थांबले नव्हते.

माझा बाप कापून कोणी पोरगा डॉक्टर होणार असेल तर होवो. त्याच्यावर माझा राग नाही. बापाला कोणी नीट विचारलं असतं, तर त्यानं हसत हो म्हटलं असतं, त्याचा स्वभावच तसा. मला विचारलं असतं तर तोंड बघून, पायाला हात लावून मीही दिला असता. कोणी विचारलं नाही. पाटलानं एका ओळीत त्याचं सगळं गोत पुसलं, आणि त्याला ती चूकसुद्धा वाटली नाही.

आता माहेरच्या, सासरच्या, कुठल्याही वाड्यातलं आमचं माणूस दवाखान्यात निघालं की मी बरोबर जाते. खिडकीवर नाव विचारतात, जवळचं कोण? पाटील, सावकार, मालक, एकाचंही नाव मी घेऊ देत नाही. लेकीचं घ्या, सुनेचं घ्या, बहिणीचं घ्या. गाव सांगा, वाट सांगा. कारकून कंटाळला तरी पुरतं लिहून झाल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. आमचं माणूस मेलं तर खबर घेऊन मी चालत जाईन, वीस कोस असले तरी. त्यांच्या घरचं मेलं तर त्यांचे घोडे आहेत. दाणा बंद केलाय, पाणी तोडा, वाट अडवा. मी नेणार नाही.