चासीवरचा शेंदूर

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. फौजेच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून वीस-बावीस वर्षं काढली, तिथे ते आणखी तापलं. निवृत्त होऊन वाशीमला परत आलो आणि जुन्या जीपा दुरुस्त करायला लागलो, तेव्हापासून तर विचारूच नका. आमच्या भागात ज्याच्या गोठ्यात गंजकी जीप पडलेली असते, त्याला ती दुसऱ्या महायुद्धातलीच वाटते. आजोबांनी बर्माच्या जंगलातून आणलेली वगैरे. मी बोनेट उघडतो, खाली वाकून बघतो आणि तोंडावर सांगतो की बाबा, ही लढाई संपल्यावर बनली, तुझ्या आजोबांनी ती बर्मातून नाही, अकोल्याच्या भंगारातून आणली. मग तोंडं उतरतात. चहा तरीही मिळतो, तो पिऊन मी निघतो.

अनसिंगजवळच्या एका खेड्यातल्या म्हातारीने माझी ही मिजास उतरवली. ऐंशीच्या आसपासची बाई. नवरा वारलेला, वडिलांकडून आलेली शेती एकटी बघते, आणि बघते म्हणजे बांधावर उभी राहून नव्हे, सोयाबीनच्या तासात उतरून. तिने फोन केला तो गेल्या पावसाळ्यात. एक गाडी बघायची आहे, तुम्ही खरं सांगता असं ऐकलं, एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

गेलो. आधी तिने वडिलांची गोष्ट सांगितली. ते लढाईत फौजेचे ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी फौजेच्या लिलावातून ही जीप घेतली आणि मरेपर्यंत एकच सांगत राहिले की ही लढाईत चाललेली गाडी आहे. कागद एका पुरात गेले. मग काय, गावाला आयतंच मिळालं. म्हाताऱ्याचं नावच ‘लढाईवाला’ पडलं. लग्नाच्या पंगतीत बसला की कुणीतरी विचारायचंच, आज किती गोळ्या झेलल्या गाडीनं? पंगत हसायची. आणि आता, त्याच्या मरणानंतर इतक्या वर्षांनी, सरपंचाने ठरवलं होतं की पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत पुढे ही जीप चालवायची, तिच्यावर ‘महायुद्धातली जीप’ अशी पाटी आणि खाली म्हाताऱ्याचं नाव. पाटी रंगवून आलीसुद्धा होती. बाईने ती भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली होती.

“मिस्तरी, खोटी असन तर खोटी सांगा,” ती म्हणाली. “खोट्या पाटीवर बापाचं नाव मी नाही लावू देणार. लोकं आतापावेतो हसले तेवढं पुरे हाय.”

मला ती तिथेच आवडली. तोवर मला बोलावणारा प्रत्येक माणूस हवं ते ऐकायला बोलावत होता.

पण आवडली म्हणून गाडी बदलत नाही. जीप पाहिली आणि माझं मन खट्टू झालं. लढाईतल्या जीपेच्या तोंडाला नऊ फटी असतात, हिच्या तोंडाला सात. लढाईतल्या जीपेचे दिवे लहान, जाळीच्या आत बसवलेले, आणि मागे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो असे. हिचे दिवे बाहेर डोळे वटारून बसलेले. मागे फळका उघडणारा, तोही नंतरच्या गाड्यांचा. इंजिन तर चक्क डिझेलचं. मी एकेक गोष्ट दाखवून सांगितलं की मावशी, ही नंतरची आहे.

ती रडली नाही, चिडलीही नाही. गाडीचं तोंड कसं बदललं ते तिने सांगितलं. वडिलांनी एकदा गाडी कडुनिंबावर घातली होती, तेव्हा पुढचा सगळा भाग दुसऱ्या गाडीचा बसवला. मागचा पत्रा कापसाचे गठ्ठे चढवायला कापून तिथे फळका बसवला. इंजिन तिनेच बदलायला लावलं, पेट्रोल परवडत नव्हतं. असं सगळेच सांगतात, मी मनात म्हटलं. पण मग चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तेवढी राहते. चासीच्या डाव्या पट्टीवर, इंजिनाच्या बाजूला, वरच्या अंगाला नंबर ठोकलेला असतो. तो बघितल्याशिवाय निघणं म्हणजे कामचोरी झाली असती, म्हणून पुन्हा बोनेट उघडलं.

आणि डोकं फिरलं. बाकी चासीला गंजाचे पापुद्रे, आणि नेमक्या त्या जागेवर बोटभर जाडीचा शेंदूर! वर्षानुवर्षं थरावर थर चढून दगड झालेला.

“मावशी, ही गाडी आहे का म्हसोबा?” मी ओरडलोच. आम्ही बौद्ध, आमच्या घरात शेंदूर कधी आला नाही. दसऱ्याला मी दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर असतो, इथे लोक गाड्यांची काय काय पूजा करतात ते परत आल्यावर बोनेटवर दिसतं. पण बोनेट उघडून आत चासीवर शेंदूर थापणारी ही पहिलीच. तिने शांतपणे सांगितलं की वडिलांनी लावून दिलेली रीत आहे. दर दसऱ्याला जवसाचं तेल कोमट करायचं, त्यात शेंदूर कालवायचा आणि इथेच लावायचा, जागा बदलायची नाही. शेंदूर ती पोहरादेवीच्या यात्रेतून पारखून आणते. एक वर्ष चुकवलं नाही, नवरा गेला त्या वर्षीही नाही.

मी ग्राइंडर काढला. पाच मिनिटांचं काम होतं. तर तिने त्या जागेवर आपला पंजा ठेवला.

“तिथं मशीन नाही. बाप म्हणे, हातानं लाव अन् काढाची येळ आली तं हातानंच काढ.”

मी बडबडलो, बरंच बडबडलो. अंधश्रद्धा काय, माझा वेळ काय, सगळं ऐकवलं. पंजा हलला नाही. शेवटी हात टेकले, रॉकेल आणि चिंधी घेऊन बसलो. दुपार गेली. ती समोर मोडा टाकून बसली होती, चिंधी भरली की दुसरी द्यायची. थर मऊ होऊन सुटत गेले, वरचा भगवा, मधला विटकरी, खालचा काळपट. आणि सगळ्यात खाली लोखंड निघालं, निळसर, कोरं. गंजाचा ठिपका नाही. त्यावर नंबर, दोन्ही बाजूंना एकेक चांदणी. नखाला लागेल इतका स्पष्ट. माझा ग्राइंडर फिरला असता तर पाच मिनिटांत तो पुसला गेला असता.

वर्कशॉपातली माझी वही काढली, कोणत्या वर्षी कोणते नंबर निघाले ते तिच्यात टिपलेलं आहे. तीनदा पडताळला. नंबर लढाईच्या वर्षांतलाच होता.

“मावशी, खरी आहे,” मी म्हणालो. “लढाईतलीच आहे.”

ती उठून आली, नंबरावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “सारं गाव हसे, मिस्तरी. एक डाव मी बी हसली होती. त्याच्या समोर.”

मी खाली बघत चिंध्या गोळा करत होतो, आणि तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. हातावरचा रंग माझ्या ओळखीचा होता. वर्कशॉपात चासी गंजू नये म्हणून आम्ही तिच्यावर लाल अस्तर मारायचो. ते अस्तर म्हणजे दुसरं काय होतं? जवसाचं तेल आणि शेंदूर. बावीस वर्षं मी तेच मारलं होतं आणि इथे पूजा दिसली म्हणून ओळखलं नाही. तो नंबर ओळखणारं गावात कुणी नव्हतं, पण कागद गेल्यावर उरलेला तो एकच पुरावा म्हाताऱ्याला सांभाळायचा होता. मुलगी आपल्यावर विश्वास ठेवत नाही हे त्याने पाहिलं होतं. पण देवाचं म्हणून सांगितलेलं ती चुकवणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळाने तिने विचारलं की आता नंबर सापडला, मग येत्या दसऱ्याला शेंदूर लावायची गरज उरली का. बाहेर झड लागली होती, गोठ्यातली हवा नुसती ओली. उघडं पडलेलं लोखंड दसऱ्यापर्यंत न गंजता राहिलं नसतं.

“शेंदराची वाटी आणा, मावशी,” मी म्हणालो. “तेल कोमट करून आणा. आज मी लावतो.”