तिघांचं बुकिंग

अशा गोष्टी मी इथे नेहमी वाचतो, पण वाचून झालं की त्यातली चूक शोधत बसतो. सत्तावीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली... मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही आहे असं म्हणणार नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय. घडलं तसं, क्रमाने सांगतो.

आम्ही माँट्रियालजवळ लव्हालला राहतो – मी, बायको माधवी आणि माझे वडील. अप्पा ब्याऐंशी वर्षांचे. आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते आणि तेवढ्या काळात अप्पा डॉक्टरकडे सोडून कुठेही गेले नव्हते. वजन एकसष्ट किलोवरून त्रेपन्नवर आलेलं. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "गोळ्या मी देते, पण यांना घराबाहेर काढा. असंच चाललं तर पुढचा विंटर कठीण आहे."

आई साठीनंतर इथल्या फुकटच्या क्लासला जाऊन फ्रेंच शिकली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बिनधास्त बोलायची, प्रत्येक वाक्याला आपलं मराठी 'हं' जोडून. एकदा फ्रान्सच्या समुद्रावर जाऊ या, एवढं एकच तिने मागितलं होतं. अप्पा नऊ वर्षं म्हणत राहिले, "पुढच्या वर्षी बघू." तेच आता त्यांना आतून खात होतं. बोलत नव्हते, पण दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं, यांना तिथेच न्यायचं. एक्सेल शीट केली – सात गावं, विमानतळापासूनचं अंतर, भरती-ओहोटीच्या वेळा, दवाखाना किती मिनिटांवर. मंगळवारी संध्याकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं, किनाऱ्यावरचं एक लहान गाव नक्की केलं. नाव देत नाही, तिथल्या गेस्टहाउसवाल्या बाईंना उगाच त्रास नको. आईच्या तोंडून हे नाव कधी आलं नव्हतं. मलाच आठवडाभरापूर्वी माहीत नव्हतं.

जेवताना विषय काढला.

"तुम्ही दोघं जा," अप्पा म्हणाले. "मला पायऱ्या झेपत नाहीत."

"अहो, किती पायऱ्या आहेत ते तरी बघू..."

"तुझ्या त्या शीटला गुडघा आहे का रे, श्रीकांत?"

माधवी म्हणाली, "अप्पा, तुम्ही नाही आलात तर दहा दिवस मला एकटीला यांच्या शीटबरोबर काढावे लागतील. दया करा."

एरवी अप्पा हसले असते. ताट तसंच ठेवून उठले.

तरी बुधवारी सकाळी मी एका छोट्या गेस्टहाउसला ईमेल केली. माणसं तीन, खोल्या दोन. गुरुवारी उत्तर आलं – चार माणसांचं बुकिंग पक्कं.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही, निघालंच तर चौथी म्हणून सुपारी बरोबर घ्यायची. आईने ही रीत कॅनडातही सोडली नाही. मी, ती आणि अप्पा बाहेर जेवायला निघालो की टेबल बुक करताना मागून म्हणायची, "चार लिही रे." मी चिडायचो. तीन म्हणजे तीन!

माझी ईमेल परत उघडून पाहिली. तीनच लिहिलं होतं. मग फोन केला, स्पीकरवर. अप्पा समोर खुर्चीत बसले होते. त्यांना फ्रेंच येत नाही.

"ईमेलमध्ये तीनच आहे," गेस्टहाउसच्या बाई म्हणाल्या, "पण तुमच्या घरच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं ना... येणार तिघं, पण लिहा चार."

"कधी आला होता फोन?"

"सोमवारी दुपारी."

सोमवारी! गाव मी मंगळवारी ठरवलं होतं.

"आणि वडिलांना सांगा, बागेतून वाळूपर्यंत अकरा पायऱ्या आहेत. उतरताना कठडा उजव्या हाताला. बाईंनी मला फोन तसाच ठेवून मोजायला पाठवलं! परत आले तर म्हणतात, पुन्हा एकदा मोजा, हं? सारखं 'हं', 'हं'... ही कुठली भाषा हो?"

गेस्टहाउसच्या बाईंनी तो 'हं' अगदी तसाच काढून दाखवला. अप्पांनी मान वर केली.

तीन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर अप्पांच्या डाव्या हाताची पकड गेली आहे. हे मी कुणाला लिहिलं नव्हतं.

मग मी तपासायला लागलो. घरच्या फोनची आणि तिन्ही मोबाइलची यादी पाहिली, माझा आत्ताचा सोडून फ्रान्सला एकही कॉल नाही. माधवीला फ्रेंच येत नाही. कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला राहणाऱ्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, मला बोंझूरच्या पुढे काही येत नाही. आणि गावाचं नाव तू मला आत्ता सांगतोयस!" आईच्या क्लासमधल्या दोघी मैत्रिणींना आम्ही कुठे जाणार याचा पत्ताच नव्हता. बाईंचा फोन जुना, त्यात नंबर राहत नाहीत. दुसऱ्या कुटुंबाशी गल्लत झाली असेल म्हणावं, तर 'येणार तिघं, लिहा चार' असं आणखी कोण सांगेल?

अप्पांना सगळं सांगितलं. त्रास होईल याची भीती होती, पण लपवणं बरं वाटेना.

त्यांनी विचारलं, "परत मोजायला लावलं?"

"हो."

"गॅस बंद केला म्हटलं तरी मला परत बघायला पाठवायची," ते म्हणाले. डोळे पुसले आणि म्हणाले, "माझं तिकीट काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवीने मला खिडकीशी बोलावलं. आमच्या दारापुढे पाच पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडा. अप्पा उजव्या हाताने कठडा धरून त्या उतरत होते, चढत होते, पुन्हा उतरत होते. आता रोजचंच झालंय. वजन छप्पन्न किलोवर आलंय.

सप्टेंबरमध्ये निघतोय. मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही. शोधायचं मी सोडलेलंही नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा... फक्त घरच्या फोनवर नको. तो अप्पा उचलतात.