टाकीतलं तीर्थ

फटफटीमामाने आयुष्यात कुणालाच माफ केलं नाही. इतरांचे राग चार दिवसांत विरतात. मामाचे राग लोणच्यासारखे मुरायचे. तो आईचा सख्खा धाकटा भाऊ. आमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सूयाक गावाला राहायचा आणि भाजीपाला पिकवायचा. लहानपणी मला त्याची भीती वाटे. मोठी झाल्यावर कळलं, की असा एक माणूस आपल्या बाजूने असणं फार सोयीचं असतं.

त्याचा सूड आरडाओरड्याचा नसे. एकदा गावच्या न्हाव्याने गप्पांच्या नादात त्याच्या मिशीचं एक टोक जास्त कापलं आणि वर म्हणाला, "कोण बघतंय?" मामाने मिशी तशीच ठेवली. आखूड बाजू वाढली की तो स्वतःच्या हाताने पुन्हा तेवढीच कापायचा. लग्नात, बाजारात, देवळात कुणी हसलं की शांतपणे न्हाव्याचं नाव सांगायचा. शेवटी न्हावी वस्तरा घेऊन घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "दत्ताभाव, मला सरळ करू दे." मामा मला म्हणाला, "सूड म्हणजे मारामारी न्हाय गो. ज्याचं काम त्याच्याच म्होरं ठेवायचं. मग तो काय करतो ते बघत बसायचं."

त्याची फटफटी युद्धानंतर लष्कराने विकलेल्या जुन्या गाड्यांतली होती. एका सिलिंडरची, जड, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेली. आवाज असा, की आमच्या गावी, मोंतान्य ब्लांशला, तो वळणावर आला की आई चहाचं आधण ठेवायची. तिचं सगळं तो स्वतः करायचा. स्पार्क प्लगला तो आमच्या सगळ्यांसारखं बेटावरच्या क्रिओल बोलीत 'बुझी' म्हणे आणि पेट्रोलला 'लेसांस'. "इंजिन खोकलं," तो म्हणायचा, "तर आधी आपण त्याला काय खायला घातलं ते आठवावं." हे वाक्य मी मुलांच्या पोटदुखीपासून कचेरीतल्या भांडणापर्यंत सगळीकडे वापरते. नेमकं माझ्या लग्नाच्या दिवशी मात्र तो स्वतःच ते विसरला.

माझं लग्न बो बासें गावच्या मुलाशी ठरलं ते मामाला न विचारता. मुलगा त्याला नापसंत नव्हता, पण न विचारणं म्हणजे अपमान. महिनाभर तो आमच्याकडे फिरकला नाही. मग आई सूयाकला जाऊन त्याच्या ओसरीवर बसली आणि उठेचना. शेवटी तो कबूल झाला. "पोरीला मांडवात मीच आणणार," तो म्हणाला, "आणि मामाची पिवळी साडी माझीच."

मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय तेव्हापासूनची. कुणी फुलं आणायची, कुणी भटजींना आणायचं, सगळं मी लिहून काढलं होतं. मामाच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नाही. त्याचं काम लिहून ठेवण्यासारखं नव्हतंच.

मुहूर्त सकाळचा होता. सूयाकची मंडळी लॉरीतून आली, मामा आला नाही. मी आत बसले होते आणि कान वळणाकडे होते. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी उठेना. दुसऱ्यांदा हाक झाली. तेव्हा आईचा चुलत भाऊ शंकर पुढे आला. त्याचं सूयाकला दुकान, म्हणून आम्ही त्याला दुकानमामा म्हणायचो.

"मी हाय ना," तो म्हणाला. "दत्ता न्हाय यायचा. त्याच्या मनातला राग गेलेला न्हाय. मी वळखतो त्याला."

सगळ्यांना ते पटलं. मामाची ख्यातीच तशी होती. आईच्या ओठांची रेघ झाली. तिने पेटीतून स्वतःची जुनी पिवळी साडी काढून मला नेसवली, आणि दुकानमामाचा हात माझ्या खांद्यावर आला. अंतरपाटाच्या अलीकडे उभी असताना मी नवऱ्याचा विचार करत नव्हते. मामाने असं करावं, हाच विचार करत होते.

मामा आला तेव्हा पंगत उठत होती. फटफटी ढकलत आला. लग्नाचा कोट तेलाने माखलेला, बूट चिखलात, कागदात गुंडाळलेली साडी छातीशी धरलेली.

"आक्का, गाडीनं दगा दिला गो. चढ आला की खोकायची, मग बंद. बुझी काढली, घासली, परत लावली. जरा चालायची, परत तेच."

"आता कशाला आलास?" आई म्हणाली. "तोंड दाखवायला?"

"आक्का, आईची शपथ..."

"पुरे," बाबा म्हणाले.

दुकानमामा पान खात मागे उभा होता. तो काहीच बोलला नाही. मामाने साडी उंबऱ्यावर ठेवली, फटफटी लिचीच्या झाडाला टेकवली आणि बस पकडायला चालत गेला.

पाचपरतावण्याला मी माहेरी आले तर फटफटी अजून तिथेच. त्याच दिवशी मामा ती न्यायला आला. घरात आलाच नाही. अंगणातून ओरडला, "आक्का, भायेर ये. सगळ्यांनी या. मी खोटं बोललो काय, ते आता ही गाडी सांगंल."

आम्ही ओसरीवर उभे राहिलो. आमचे हेही होते. नव्या जावयासमोर हा तमाशा, म्हणून बाबा लाजेने लाल झाले होते. मामाने बुझी काढली, इंजिनवर आडवी ठेवली आणि किक मारली. निळी ठिणगी टक् करून उडाली. "ही बरी हाय." मग त्याने ठिणगीची वेळ राखणारे पॉइंट उघडून पुसले. तेही ठीक. हवेची जाळी फुंकली, ठीक. एकेक गोष्ट तो तपासायचा, बाजूला ठेवायचा आणि पुन्हा तिच्याकडे वळून बघायचा नाही. मला ते फार आवडलं.

मग तो टाचांवर बसला. "ऱ्हायलं काय?" स्वतःलाच म्हणाला. "खाल्लं काय, ते ऱ्हायलं."

"कुठनं भरलंस?" बाबांनी विचारलं.

"पंप बंद व्हता. शंकरच्या दुकानातनं घेतलं, डब्यातनं. भावाच्या हातचं म्हनून शंकाबी आली न्हाय मला." तो थांबला. "लग्नाच्या सकाळी कोट घालूनच गेलो व्हतो. तो म्हनाला, ये मागनं, मी लॉरीनं जातो. पिवळी साडी उघडून बघितली त्यानं."

आईने बाबांकडे पाहिलं.

मामाने चहाचा काचेचा पेला मागून घेतला. कार्ब्युरेटरखालची छोटी वाटी फिरवून काढली आणि पेल्यात ओतली. पेट्रोलच्या तळाशी गोल, चकचकीत थेंब गोळा झाले होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. त्याने पेला हलवला. थेंब एकमेकांना चिकटले, पण पेट्रोलमध्ये मिसळले नाहीत.

"दिलो," मामा म्हणाला. पाणी.

मग त्याने टाकीच सोडवली आणि उलटी करून एका बाटलीत रिकामी केली. बाटली भिंतीवर ठेवली. जरा वेळाने तिच्यात सरळ रेघ उमटली: वर पेट्रोल, खाली पाणी. टाकीच्या तोंडाशी काहीतरी काळपट चिकटलं होतं. मामाने ते बोटावर घेतलं. आई पायऱ्या उतरून आली, वाकली, आणि खालीच बसली.

"बेलाचं पान हाय हे," ती म्हणाली. "आयो, दत्ता. शिवरात्रीला आम्ही परी तलावाला चालत गेलो, तवा शंकरच्या बायकोनं तेलाच्या डब्यात तीर्थ आनलं. लोटा सोडून डबा घेतला म्हनून आम्ही हसलो तिला. बेल मीच टाकला रे त्यात."

सगळं उघड झालं. उरलेलं तीर्थ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आमच्याकडे कुणी जमिनीवर ओतत नाही. दुकानमामानेही ओतलं नाही. डब्याची गरज पडली तेव्हा त्याने तीर्थावरच पेट्रोल भरलं. अशी चूक आमच्याच माणसाच्या हातून व्हायची.

आईने मामाचे तेलकट हात धरले. "चुकले रे मी."

"तू न्हाय चुकलीस," मामा म्हणाला. त्याने बाटलीला बूच लावलं. "ज्यानं चुकवलं त्याच्याकडं जायचं हाय."

बाबा म्हणाले आत्ताच जाऊ. मामा नको म्हणाला. त्याला माणसं जमायला हवी होती. ती बाटली गणपतीपर्यंत त्याच्या खिडकीत उभी होती. त्या वर्षी चवथीला सारी भावकी दुकानमामाकडे आरतीला जमली. आम्ही दोघंही बो बासेंहून गेलो. खरं सांगायचं तर मी देवासाठी गेले नव्हते.

आरती झाली, प्रसाद वाटला, आणि मामाने पिशवीतून बाटली काढून पाटासमोर ठेवली.

"शंकर, हे वळखतोस?"

दुकानमामाने बाटली पाहिली, मग आईकडे पाहिलं. आई सूयाकमधल्या बायकांना आधीच सगळं सांगून बसली होती, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो हसला. "दत्ता, तीर्थ हाय ते. परी तलावाचं. मी काय मुद्दाम केलं? देवाचं पानी भुईवर कसं टाकू?"

"टाकायचं न्हाय ना?"

"न्हाय."

"मग पी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दुकानमामाच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"अरे लेसांस हाय वर, मरंन मी!"

"मग दुसरं काम कर," मामा म्हणाला. "पानी देवाचं व्हतं, ते मी सोडलं. जीभ तुझी व्हती. मी घरातनं निघालो व्हतो हे तुला म्हाईत व्हतं काय? एवढंच सांग. न्हायतर पी."

दुकानमामाने बाटलीकडे, मग गणपतीकडे पाहिलं. मान खाली घालून पुटपुटला, "मो ती कोने."

"क्रिओलमधी न्हाय. देवाम्होरं मराठीत बोलतात. म्हाताऱ्यांनाबी कळू दे."

त्याने मान वर केली. मग तो मोठ्याने म्हणाला, "मला म्हाईत व्हतं. दत्ता निघाला व्हता. मला मांडवात उभं ऱ्हायचं व्हतं."

माझ्या पोटात काहीतरी गार झालं. छान गार.

परतताना बाबा मामाला म्हणाले, "आता झालं ना? मिटवून टाक." मामा म्हणाला, "त्यानं खरं सांगितलं, बरं केलं. पन पोरीचं लगीन परत लागनार हाय काय?" त्यानंतर त्याने त्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेतली नाही. वाटेत भेटला तर दुसरीकडे बघायचा. लोक म्हणाले, अती झालं. मला कधी अती वाटलं नाही.

मामाची छाती पुढे खराब झाली. शेवटच्या वर्षी फटफटीवर बसणंही त्याला जमेना. अंगणात खुर्ची टाकून तो मला ती पुसायला लावायचा. साठी उलटल्यावर, उसाच्या तोडणीच्या दिवसांत तो गेला.

सूयाकला खूप माणसं आली. दुकानमामाही आला, पांढरे कपडे घालून, डोळे लाल करून. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा तो पुढच्या दांड्याशी गेला आणि त्याने हात घातला. मामाला सख्खा भाऊ नव्हता. चुलत भावाने पुढे होणं रीतीला धरूनच होतं.

आई उठून दारात आली. "शंकर, हात काढ."

"आक्का..."

"एकदा त्याच्या जागी उभा ऱ्हायलास. आता त्याच्याजवळ न्हाय."

एक म्हातारा मध्ये पडला. "आक्का, मेल्यावर कसलं वैर गो?"

"मेला तो," आई म्हणाली. "मी जिती हाय."

कुणीतरी मला खूण केली, तिला आत घेऊन जा. मी तिला आत नेलं नाही. उंबरा ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि दुकानमामाकडे बघत राहिले. आमच्या ह्यांनी पुढे होऊन दांडा धरला. दुकानमामाने हात काढला.